हॉल ऑफ फेममध्ये कोण? बेसबॉलचा नव्वद वर्षांचा वाद

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्याशा गावात बेसबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे महान खेळाडूंचे सन्मान-दालन, १९३९ मध्ये उघडले. मतदान मात्र १९३६ पासूनच सुरू झाले होते. निवडीचा अधिकार मिळाला तो बेसबॉलच्या वार्ताहरांना आणि अट होती ७५ टक्के मतांची. ती आजही तीच आहे.

पहिल्या वर्षी २२६ मतदारांपैकी २२२ जणांनी टाय कॉबला पसंती दिली, तर होमरनचा बादशहा बेब रूथला २१५ जणांनी. म्हणजे रूथसुद्धा अकरा जणांना नको होता! ५११ सामने जिंकणाऱ्या साय यंगला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले. एकमताने निवड व्हायला २०१९ उजाडले. तो मान मारियानो रिव्हेराचा.

वार्ताहरांच्या नजरेतून सुटलेल्यांसाठी समित्या नेमल्या गेल्या आणि तिथे वशिला शिरला. सत्तरच्या दशकात फ्रँकी फ्रिश आणि बिल टेरी हे माजी खेळाडू समितीवर असताना त्यांचे जुने सहकारी एकामागून एक आत गेले. जेसी हेन्स, चिक हाफी, जॉर्ज केली यांची नावे घेतली की जाणकार आजही नाक मुरडतात.

कृष्णवर्णीय खेळाडूंवरचा अन्याय याहून कितीतरी मोठा. त्यांना मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेची, दारेच बंद होती, मग निवडीसाठी लागणारे तिथले दहा हंगाम कुठून दाखवणार? १९६६ मध्ये दिग्गज फलंदाज टेड विल्यम्सने हॉलमधल्या स्वतःच्या सत्काराच्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन या कृष्णवर्णीय खेळाडूंची नावे घेतली. पाच वर्षांनी पेजची निवड झाली, तीही आधी वेगळ्या दालनासाठी! टीकेची झोड उठल्यावर त्याला बरोबरीचे स्थान मिळाले.

आजच्या भांडणाचे मूळ चाळीसच्या दशकातल्या एका नियमात आहे. मत देताना खेळाबरोबर सचोटी आणि चारित्र्यही पाहावे, असे तो सांगतो. कित्येक वर्षे तो कागदावरच राहिला. ४,२५६ हिट्सचा विक्रम करणाऱ्या पीट रोझवर १९८९ मध्ये जुगारापायी बंदी आली. बंदी असलेल्याचे नाव मतपत्रिकेवरच येणार नाही, असे हॉलने १९९१ मध्ये ठरवून टाकले.

पुढे उत्तेजकांचा काळ आला. ७६२ होमरन मारणारा बॅरी बाँड्स आणि सर्वोत्तम गोलंदाजाचा (पिचरचा) साय यंग पुरस्कार सात वेळा जिंकणारा रॉजर क्लेमेन्स यांना संशय भोवला. २०२२ मध्ये, वार्ताहरांच्या मतदानातल्या दहाव्या आणि अखेरच्या संधीतही, ते ६५-६६ टक्क्यांवर अडकले. त्याच निवडणुकीत डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच फटक्यात आत गेला. २००३ च्या चाचणीत दोषी आढळल्याच्या बातम्या त्याच्याबद्दलही छापून आल्या होत्या. उत्तेजके जाणूनबुजून घेतल्याचे मात्र त्याने नाकारले. मतदारांचा हा न्याय मला तरी उमगलेला नाही.

रोझ २०२४ मध्ये वारला. मृत्यूबरोबर बंदीही संपते, असा निर्णय मे २०२५ मध्ये बेसबॉल आयुक्तांनी दिला. आता त्याचे नाव डिसेंबर २०२७ मध्ये सोळा जणांच्या समितीपुढे येऊ शकते. तिथे लागतील बारा मते.