एसएसआर ‘बंद’ असतो तेव्हा

प्लास्टिक मोल्डिंग मशीनचे हीटर पूर्वी कॉन्टॅक्टरवर, म्हणजे चुंबकाने धातूचे पॉइंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर, चालत. तापमान कंट्रोलरने दर 10 सेकंदांना एकदा चालू-बंद केले, तर दिवसाला 8,640 वेळा होते. 10 लाख वेळा जोड-तोड सोसणारा कॉन्टॅक्टर या हिशेबाने चार महिन्यांतच संपतो. पॉइंट काळे पडतात, त्यांना खड्डे पडतात, कधी ते एकमेकांना चिकटून बसतात. या खटखटीतून पॅनलवाल्यांना सोडवले ते पॉइंटऐवजी अर्धवाहक चिप वापरणाऱ्या सॉलिड स्टेट रिलेने, म्हणजे एसएसआरने.

तारयंत्राच्या काळापासून रिले, म्हणजे छोट्या सिग्नलने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, आहेतच. कलाटणी मिळाली ती 1957-58 च्या सुमारास थायरिस्टर हा अर्धवाहक स्विच आल्यावर. 1970 च्या दशकात त्यावर आधारलेले एसएसआर तयार मिळू लागले. हलणारा भाग नाही, ठिणगी नाही. झीरो क्रॉसिंगचा एसएसआर 50 हर्ट्झवर फार तर 10 मिलिसेकंद थांबतो आणि व्होल्टेज शून्याजवळ आले की चालू होतो. हीटरला हे मानवते, ट्रान्सफॉर्मरला नाही; शून्यावर जोडलेला ट्रान्सफॉर्मर सुरुवातीला सर्वांत जास्त करंट ओढतो. शिवाय चालू एसएसआरवर साधारण 1.2 व्होल्ट पडतात, म्हणजे 25 अँपिअरला 30 वॅट उष्णता. चांगल्या पॉइंटवर तेवढ्याच करंटला एक-दोन वॅट. ही उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकमध्ये काटकसर केलेले पॅनल म्हणूनच उन्हाळ्यात मान टाकतात.

खरा गुंता आहे तो ‘बंद’ या शब्दाचा. मराठीत तो आधीपासूनच दुतोंडी आहे: पाठ्यपुस्तकातल्या ‘बंद परिपथा’तून करंट वाहतो आणि घरातला ‘बंद’ दिवा विझलेला असतो. एसएसआरने तिसराच अर्थ आणला: विझलेला, पण तुटलेला नाही. त्याच्या आतून, संरक्षणासाठी बसवलेल्या रेझिस्टर-कपॅसिटरमधूनही, काही मिलिअँपिअर गळत राहतात. लोडची वायर काढून एसएसआरच्या त्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा, कंट्रोलचा सिग्नल नसतानाही जवळपास 230 व्होल्ट दिसतील. टेस्टरचा निऑन पेटेल. हीटरला ही गळती कळतही नाही, पण तिथे हात लावणाऱ्याला झटका बसतो. त्यात एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे चालूच राहतो. तशा वेळी भट्टीचे तापमान चढतच जाते. म्हणून त्याच्या मालिकेत सुरक्षेचा वेगळा कॉन्टॅक्टर हवाच.

अर्धवाहक साधनाला आयसोलेटर, म्हणजे वीज खात्रीने तोडून वेगळी करणारे साधन, मानायचे नाही, असे वायरिंगच्या मानकांनी ठरवले ते यामुळे. दुसरी बाजू अशी: गळती आता कमी करता येते, करंट तोडण्याचा वेग अफाट आहे, मग पॉइंटमधल्या हवेच्या फटीचा हट्ट कशाला? हा युक्तिवाद वेगाबद्दल खरा आहे, सुरक्षेबद्दल नाही. मेन स्विच खाली करून आत हात घालणाऱ्या इलेक्ट्रिशियनला फट हवी असते. शॉर्ट झालेल्या चिपमध्ये ती उरत नाही.

गेल्या पंधरा वर्षांत सिलिकॉन कार्बाइड या अर्धवाहकाने गणित बदलले. त्याचे मॉसफेट, म्हणजे सिग्नलने चालू-बंद होणारे चिपमधले स्विच, 2011 पासून बाजारात आहेत. 2019 मध्ये अमेरिकेत सॉलिड स्टेट सर्किट ब्रेकरला सुरक्षा-चाचणीची मान्यता मिळाली. असा ब्रेकर शॉर्टसर्किट मायक्रोसेकंदांत तोडतो. यांत्रिक ब्रेकरला मिलिसेकंद लागतात. तरी आयसोलेशनसाठी मालिकेत यांत्रिक पॉइंट लागतोच. चिप आधी करंट थांबवते, मग पॉइंट उघडतो. करंटच नसल्याने ठिणगी पडत नाही आणि पॉइंट जळत नाही.