पोटनिवडणूक : रिक्त संसदीय जागा आणि मराठवाडा

पोटनिवडणूक : सदस्याचे निधन, राजीनामा, अपात्रता किंवा न्यायालयाने निवड रद्द ठरवणे यांमुळे मुदतीआधी रिकामी झालेली लोकसभेची वा विधानसभेची जागा भरण्यासाठी घेतली जाणारी निवडणूक. अशा रीतीने निवडून आलेल्या सदस्याला नवी पाच वर्षे मिळत नाहीत. सभागृहाची उरलेली मुदत हीच त्याची मुदत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १४९ मध्ये लोकसभेच्या, तर कलम १५० मध्ये विधानसभेच्या रिक्त जागांची तरतूद आहे.

मूळ अधिनियमात कालमर्यादा नव्हती. जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, हे बंधन कलम १५१-अ ने आणले. ते १९९६ च्या दुरुस्तीने समाविष्ट होऊन १ ऑगस्ट १९९६ पासून लागू झाले. त्याचा उगम सामान्यतः निवडणूक सुधारणांविषयीच्या दिनेश गोस्वामी समितीच्या अहवालात (१९९०) मानला जातो. सहा महिनेच का, हा प्रश्न उरतो. राष्ट्रपतिपद निधन, राजीनामा वा पदच्युतीमुळे रिक्त झाल्यास सहा महिन्यांत निवडणूक घेण्याचे बंधन राज्यघटनेच्या अनुच्छेद ६२ मध्ये आधीपासून होते. मर्यादा ठरवताना तोच दाखला समोर असावा, असे दिसते.

कलमाला दोन अपवाद आहेत. सदस्याची उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असल्यास, किंवा सहा महिन्यांत निवडणूक घेणे अवघड असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास, मर्यादा लागू होत नाही. वाद या दोन्हींवर झाले आहेत. ‘उरलेली मुदत’ जागा रिक्त झाल्याच्या दिवसापासून मोजायची की नव्या सदस्याच्या निकालाच्या दिवसापासून, हा पहिला. अकोला पश्चिम विधानसभा मतदारसंघाच्या प्रकरणात (२०२४) मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकालाचा दिवस धरला आणि जाहीर झालेली पोटनिवडणूक रद्द केली. कलमाची भाषा मात्र मुदतीचा संबंध रिक्ततेशी जोडते. शिवाय निकालाचा दिवस धरला तर विलंब जितका लांबेल तितकी सूट जवळ येते. त्यामुळे रिक्ततेचा दिवस धरणेच अधिक सुसंगत वाटते. दुसऱ्या अपवादाचे ठळक उदाहरण पुण्याचे. गिरीश बापट यांच्या निधनाने २९ मार्च २०२३ रोजी लोकसभेची जागा रिकामी झाली. आयोगाने अडचणीचे प्रमाणपत्र दिले. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तातडीने निवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत, म्हणजे वर्षाहून अधिक काळ, पुण्याला लोकसभेत खासदार नव्हता.

मराठवाड्यात लोकसभेच्या आठ जागा आहेत. दुष्काळी मदत, पीक विमा, रेल्वे हे इथले प्रश्न दिल्लीत सतत मांडावे लागतात, म्हणून इथे एक जागा रिकामी राहणे फार महाग पडते.

नांदेडची पहिली महत्त्वाची पोटनिवडणूक मुदतीचे बंधन येण्यापूर्वीची. मार्च १९८६ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्यांनी सोडलेल्या जागेवर १९८७ मध्ये अशोक चव्हाण प्रकाश आंबेडकर यांचा पराभव करून निवडून आले.

बीडची जागा ३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे यांच्या अपघाती निधनाने रिक्त झाली. लोकसभेचा निकाल लागून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. १५ ऑक्टोबर रोजी विधानसभेबरोबरच मतदान झाले. प्रीतम मुंडे यांचे ६,९६,३२१ मतांचे मताधिक्य लोकसभेच्या इतिहासातील तोवरचे सर्वाधिक ठरले. तो विक्रम २०२४ मध्ये इंदूरमध्ये मोडला.

मताधिक्याच्या बाबतीत याच्या अगदी उलट चित्र नांदेडचे. वसंतराव चव्हाण यांचे २६ ऑगस्ट २०२४ रोजी निधन झाले आणि २० नोव्हेंबरला, तीन महिन्यांच्या आत, पोटनिवडणूक पार पडली. मतदाराने एकाच केंद्रात लोकसभेसाठी एक आणि विधानसभेसाठी एक अशी दोन मते दिली. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड हे सहाही विधानसभा मतदारसंघ महायुतीकडे गेले. लोकसभेला मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण भाजपचे संतुकराव हंबर्डे यांच्यापेक्षा १,४५७ मतांनी पुढे राहिले. एकत्र मतदान झाले की पोटनिवडणूक मोठ्या निवडणुकीच्या लाटेत वाहून जाते, हा समज नांदेडच्या मतदारांनी खोटा ठरवला. खर्च व मनुष्यबळ वाचते, हा एकत्र मतदानाचा लाभ खराच. पण तो सहा महिन्यांच्या आत बसत असेल तरच घ्यावा.

विधानसभेच्या जागांपैकी देगलूरची नोंद आवश्यक आहे. रावसाहेब अंतापूरकर यांचे एप्रिल २०२१ मध्ये कोविडने निधन झाले. साथीमुळे आयोगाने त्या वर्षी मे महिन्यात देशातील प्रलंबित पोटनिवडणुका पुढे ढकलल्या होत्या. देगलूरचे मतदान ३० ऑक्टोबरला, म्हणजे सहा महिने उलटून गेल्यावर झाले. जितेश अंतापूरकर विजयी झाले. पैठण हे पहिल्या अपवादाचे उदाहरण : जून २०२४ मध्ये आमदार संदीपान भुमरे औरंगाबादमधून लोकसभेवर गेले, विधानसभेची मुदत नोव्हेंबरमध्ये संपत होती, आणि पोटनिवडणूक न होता जागा तोपर्यंत रिकामी राहिली.