अग्रिप्पाच्या नावाचं, पण अग्रिप्पाने न बांधलेलं

लग्नपत्रिकेवरचं 'चि. सौ. कां.' वाचताना आपण अडखळत नाही. रोमन माणूस आपले शिलालेख तसेच सहज वाचत असणार. दगड कोरणं कष्टाचं, जागा मोजकी. म्हणून नेहमीचे शब्द एक-दोन अक्षरांत उरकायचे आणि दोन शब्दांमध्ये ठिपका द्यायचा.

रोमच्या पँथिऑन या देवळाच्या दर्शनी भागावर ओळ आहे: 'एम. अग्रिप्पा एल. एफ. कॉस. तेर्तिउम फेकित'. 'एम.' म्हणजे मार्कुस. एका अक्षरावरून नाव ओळखता येतं, कारण रोमन पुरुषांची पहिली नावं वापरात होती जेमतेम दीड डझन. 'एल. एफ.' म्हणजे लूकिउसचा मुलगा. 'कॉस.' म्हणजे कॉन्सल, दरवर्षी नेमलं जाणारं सर्वोच्च पद. 'तेर्तिउम' म्हणजे तिसऱ्यांदा, 'फेकित' म्हणजे बांधलं. कुठेही सन लिहिलेला नाही, तरी तो पदात दडलाय: अग्रिप्पा तिसऱ्यांदा कॉन्सल झाला इ. स. पू. २७ मध्ये.

म्हणजे देऊळ तेव्हाचं? शतकानुशतकं लोक तसंच मानत आले. १८९२ साली जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुविशारदाने भिंतीतल्या विटा पाहिल्या. रोमन वीटभट्ट्या विटांवर शिक्का उठवत, काही शिक्क्यांत त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावंही असत. हे शिक्के निघाले इ. स. दुसऱ्या शतकातले! अग्रिप्पाचं देऊळ आगीत गेलं होतं. आजचं देऊळ हेड्रियन बादशहाच्या कारकिर्दीत पुरं झालं आणि त्यावर नाव मात्र मूळ बांधणाऱ्याचंच राहिलं. लेख खोटा नाही, फक्त तो आधीच्या इमारतीबद्दल बोलतो. मला यात विटांचंच कौतुक जास्त वाटतं. त्यांच्यावरचा मजकूर कुणी वाचावा म्हणून लिहिलाच नव्हता.

झिजलेल्या लेखावर अभ्यासक बाजूने तिरपा उजेड टाकतात, म्हणजे उथळ खाचांतही सावली पडते. किंवा ओला कागद ब्रशने ठोकून बसवतात आणि वाळल्यावर ठसा सोडवून घेतात. आपल्याकडच्या शिलालेखांचेही ठसे घेतातच. पण मुद्दाम खोडलेलं कसं वाचायचं?

रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या मुख्य चौकात, सेप्टिमिउस सेव्हेरुस बादशहाची कमान आहे, इ. स. २०३ ची. लेखात बादशहा आणि त्याचे दोन मुलगे होते. २११ मध्ये थोरल्या काराकाल्लाने धाकट्या गेटाचा खून करवला आणि साम्राज्यभर त्याचं नाव पुसायला लावलं. कमानीवर त्या जागी बापलेकांची स्तुती आली: 'सर्वोत्तम आणि सर्वांत शूर राज्यकर्त्यांना'. मात्र अक्षरं धातूची होती, खिळ्यांनी दगडात बसवलेली. जुनी अक्षरं काढली तरी भोकं राहिली, आणि ती नव्या अक्षरांशी जुळत नव्हती. भोकांची मांडणी जुळवत अभ्यासकांनी मूळ ओळ लावली. छापताना असा खोडलेला मजकूर दुहेरी चौकोनी कंसात देतात. तिथे गेटा अजून आहे: पुब्लिउस सेप्टिमिउस गेटा, लूकिउसचा मुलगा.