पुतळा हलतो आणि सर्व्हर कोसळतात

एप्रिल २००७. एस्टोनियाच्या सरकारने राजधानी टॅलिनच्या मध्यवस्तीतला सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा लष्करी दफनभूमीत हलवला. तिथल्या रशियन भाषकांना तो नाझींवरच्या विजयाची खूण वाटत होता, बहुतेक एस्टोनियनांना त्या विजयामागून आलेल्या सोव्हिएत अंमलाची. दोन रात्री दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला. पाठोपाठ देशाचं इंटरनेट तुंबू लागलं.

हा सायबर हल्ला होता. अशा हल्ल्यात काहीही फोडलं जात नाही. मालकाच्या नकळत ताब्यात घेतलेले, जगभर विखुरलेले असंख्य संगणक एकदमच एका सर्व्हरकडे पान मागू लागतात. प्रत्येक मागणी दिसायला अगदी साधी असते. पण सर्व्हरची उत्तरं देण्याची ताकद मर्यादित असते. खोट्या मागण्यांची रांग इतकी वाढते की खऱ्या ग्राहकाची पाळीच येत नाही. बँका, मंत्रालयं, संसद, वृत्तपत्रं यांना सुमारे तीन आठवडे हे सोसावं लागलं. संशय रशियावर होता, पण रशियन सरकारने हात झटकले. पुढच्याच वर्षी 'नाटो'शी संलग्न सायबर संरक्षण केंद्र उभं राहिलं, तेही टॅलिनमध्येच.

एका पुतळ्यापायी एवढं? आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक सांगतात की राष्ट्राला सीमेइतकीच 'आपण कोण' ही ओळखही जपावी लागते. तिला धक्का लागला की सरकार जाहीर इशारे देतं, आणि एकदा जाहीरपणे बोलल्यावर स्वतःच्या जनतेसमोर माघार घेणं महागात पडतं. पण मला वाटतं, एवढ्याने कोडं सुटत नाही. दुखावलेल्या देशाच्या हातात समोरच्याची एखादी नस असावी लागते.

अमेरिकेचं उदाहरण पाहा. १९१५पासून ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या संहाराला वंशसंहार म्हणणारा ठराव १० ऑक्टोबर २००७ रोजी प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र समितीने २७ विरुद्ध २१ मतांनी मंजूर केला. तुर्कस्तानने लगेच राजदूत माघारी बोलावला. तेव्हा इराकमधल्या अमेरिकी फौजेचा हवाई मार्गाने जाणारा सुमारे ७० टक्के माल तुर्कस्तानमार्गे जात होता, तिथला इंजिर्लिक हा त्यातला मोठा हवाई तळ. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हाच आकडा पुढे केला. पाठिंबा देणारे सदस्य एकेक करून मागे सरले आणि ठराव सभागृहापुढे आलाच नाही.

ऑक्टोबर २०१९मध्ये तशाच आशयाचा ठराव ४०५ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. इतिहास तोच होता. मात्र इराकमधली ती मोठी फौज केव्हाच परतली होती, आणि तुर्कस्तानने घेतलेली रशियन क्षेपणास्त्र यंत्रणा व त्याची सीरियातली कारवाई यांमुळे त्याच्याशी संबंध बिघडले होते. तुर्कस्तानने इंजिर्लिक बंद करण्याची भाषा पुन्हा केली. तळ चालूच राहिला. ज्यांचे पूर्वज मारले गेले, त्यांच्या दुःखाला मालवाहतुकीच्या नकाशाकडे पाहून मान्यता मिळावी, हे मला फार क्लेशदायक वाटतं.

त्याच २०१९मध्ये जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यात जपानी राजवटीतल्या सक्तमजुरीच्या भरपाईवरून ठिणगी पडली. जपानने सेमीकंडक्टरसाठी लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर कडक नियंत्रण आणलं. कोरियाने लष्करी गुप्तमाहितीच्या देवाणघेवाणीचा करार संपवण्याची नोटीस दिली. उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांवर दोघांनाही नजर ठेवायची होती. शेवटी २२ नोव्हेंबरला, करार संपायला काही तास उरले असताना, दक्षिण कोरियाने ती नोटीस स्थगित केली.