बीचच्या बॅगेत सनस्क्रीन आलं कुठून

गेल्या डिसेंबरात तारकर्लीला जायचं ठरलं, आणि आदल्या रात्री पलंगावर सगळं मांडून ठेवलेलं. दोन सनस्क्रीन (एक तोंडाचं एक अंगाचं, हा बहिणीचा हट्ट), लिप बाम, कोरफडीचं जेल, गॉगल, टोपी, पोहायचा फुल बाह्यांचा टीशर्ट, आणि मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात आईने त्यात मुठेलाचा गोळा ठेवून दिला. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, गार झालं की मेणासारखं घट्ट होतं, वरून पिवळट पांढरं, नखाने खरवडायचं आणि चुलीजवळ नाहीतर तळहातावर वितळवून टाचांच्या भेगांना चोळायचं. खाऱ्या पाण्याने पाय फुटतात म्हणे. मी म्हटलं अगं चार दिवसांसाठी कशाला, तर म्हणाली तुझ्या त्या सगळ्या ट्यूबा चार दिवसांसाठीच आहेत ना?

आता याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. पण डोक्यात बसलं ते. आजी आयुष्यभर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहिली आणि तिने उन्हासाठी म्हणून अंगाला कधी काही लावलं नाही, मग ही एवढी मोठी यादी आपल्याकडे आली कुठून आणि नेमकी कोणासाठी बनली होती?

आधी आपल्या भाषेतच बघा. माणूस उन्हात रापतो, चेहरा काळवंडतो, फारच झालं तर करपतो, आणि ऊन लागलं म्हणजे ताप, उलट्या, चक्कर. पण तासाभरात कातडी लालबुंद होऊन दुसऱ्या दिवशी टीशर्टसुद्धा सहन होत नाही आणि चौथ्या दिवशी सालपटं निघतात, त्याला आपण सरळ सनबर्नच म्हणतो. गरजच पडली नसणार. एकतर आपली कातडी गोऱ्यांपेक्षा उशिरा भाजते, आणि दुसरं म्हणजे भर दुपारी उघड्या अंगाने वाळूत लोळायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मालवणकडे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला रापण म्हणतात, ती ओढणारी माणसं अक्षरशः रापलेली असतात, पण डोक्याला टॉवेल गुंडाळलेला असतो आणि मासळी विकायला बसलेल्या बायकांच्या डोक्यावर पदर असतोच. बाकी मराठी घरांत समुद्रावर जायचं म्हणजे संध्याकाळी, भेळ खायला आणि सूर्यास्त बघायला. दुपारी अकरा ते चार माणसं घरात, नाहीतर सुरूच्या बनात. आपलं सनस्क्रीन म्हणजे घड्याळ आणि कापड, बस.

युरोपातही आधी असंच होतं, हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये ब्रायटनला डॉक्टर रिचर्ड रसेल पेशंटना समुद्राच्या गार पाण्यात बुडवायचा, पाणी प्यायलाही लावायचा, पण ते औषध म्हणून. ऊन खायला कोणी जात नव्हतं. रापलेली कातडी म्हणजे शेतात राबणारा, आणि गोरी म्हणजे घरात बसून खाणारा, हा हिशोब तिकडेही तसाच होता, त्यामुळे बायका छत्र्या घेऊन किनाऱ्यावर फिरायच्या. हेच साहेब आपल्याकडे आले तेव्हा तर उन्हाला इतके टरकून होते की पाणथळ जागी उगवणाऱ्या शोला नावाच्या झाडाच्या भुसभुशीत गाभ्याची टोपी घालायचे, तीच सोला टोपी. शिवाय ऊन पाठीच्या कण्यात शिरून माणूस मरतो या समजुतीने पाठीवर जाड कापडाची गादी बांधायचे, खरंच, स्पाइन पॅड म्हणायचे त्याला. हसू येतं, पण निदान घालायची वस्तू तरी होती.

मग उलटं कसं झालं? माझ्या मते त्याची सुरुवात दवाखान्यात झाली. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने प्रकाशाने त्वचेचा क्षयरोग बरा करून दाखवला आणि १९०३ मध्ये त्याला नोबेल मिळालं, त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या डोंगरात क्षयरोग्यांना उघड्या अंगाने उन्हात झोपवणारे सॅनेटोरियम सुरू झाले. ऊन एकदम औषध झालं. त्यात कामगार शेतातून उठून कारखान्यात आणि खाणीत गेलेले, म्हणजे आता पांढराफटक चेहरा गरिबाचा झाला आणि रापलेला चेहरा सुट्टी परवडणाऱ्याचा. १९२० च्या दशकात कोको शनेल फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून रापून परतली आणि फॅशन सुरू झाली अशी गोष्ट सगळे सांगतात, असेलही, पण एका बाईमुळे जग बदलत नाही. जास्त मोठी घटना १९३६ ची. त्या वर्षी फ्रान्समध्ये लेऑं ब्लूमच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी सुट्टी दिली आणि गर्दी समुद्राकडे सुटली. त्याच सुमाराला लॉरिआलचा संस्थापक युजीन शुलेर, जो मूळचा केमिस्ट, त्याने आंब्र सोलेर नावाचं तेल बाजारात आणलेलं, आणि ते तेल ऊन अडवायला कमी आणि न भाजता छान तपकिरी व्हायला जास्त. पुढे १९४६ च्या जुलैत पॅरिसमध्ये लुई रेआरने बिकिनी दाखवली. कापड आक्रसत गेलं तसतशी बाटली लागायला लागली, एवढाच साधा संबंध आहे बघा.

बाटलीच्या आत काय, त्याची गोष्ट मात्र समुद्रावर घडलेलीच नाही. १८०१ मध्ये जर्मनीत योहान रिटरने चांदीचा क्षार प्रकाशात ठेवून बघितला, तर जांभळ्या रंगाच्याही पलीकडे जिथे डोळ्याला काही दिसत नाही तिथे तो सगळ्यात भराभर काळा पडला, म्हणजे तिथे काहीतरी किरण आहेत. तेच अतिनील. १८८९ मध्ये स्वीडनच्या विडमार्कने दाखवलं की कातडी भाजते ती याच किरणांनी, उन्हाच्या उष्णतेने नाही. हे शंभर वर्षांहून जुनं आहे तरी आपण अजून वारा गार आहे ना, ढग आहेत ना, मग कशाला लावायचं, असं म्हणतो. मी स्वतः म्हटलंय, होडीत बसून, आणि नाकाचं सालपट काढलंय.

पुढचा माणूस डोंगरातला. फ्रान्झ ग्रायटर नावाचा केमिस्ट्रीचा विद्यार्थी १९३८ मध्ये स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं पिझ बुइन हे शिखर चढताना भाजला, बर्फावरून उन्हाचं परावर्तन होतं त्यामुळे वरून खालून दोन्हीकडून. १९४६ मध्ये त्याने ग्लेशियर क्रीम काढलं आणि नाव त्या शिखराचंच दिलं, तो ब्रँड अजून आहे. तिकडे अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये अडकणाऱ्या सैनिकांसाठी लाल रंगाचं चिकट पेट्रोलियम जेली वापरायचे, जनावरांच्या औषधातलं, आणि मायामीचा फार्मासिस्ट बेंजामिन ग्रीन याने तसल्याच चिकट प्रकारातून सुवासिक क्रीम बनवलं, ते कॉपरटोन. नावातच तांबूस रंग आहे, म्हणजे विकायचं काय होतं ते कळतं.

पण कुठलं क्रीम ऊन किती अडवतं हे मोजायचं कसं? जर्मनीत रुडॉल्फ शुल्झेने १९५६ मध्ये मोजण्याची पद्धत मांडली, ग्रायटरने ती पुढे नेऊन एसपीएफ (सन प्रोटेक्शन फॅक्टर) हे नाव रूढ केलं, आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ते आपल्या नियमांच्या मसुद्यात घेतलं. आता हा आकडा सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणारा आकडा असावा. लोक म्हणतात दहा मिनिटांत भाजतो तर एसपीएफ ३० म्हणजे तीनशे मिनिटं निवांत. तसं नसतं. प्रयोगशाळेत एका चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्राम एवढा जाड थर लावून हे मोजतात. तेवढ्या थरात एसपीएफ १५ भाजणारे किरण साधारण ९३ टक्के अडवतं, ३० वालं ९७, आणि ५० वालं ९८, म्हणजे ३० च्या वर गेल्यावर फरक फार नाही, फरक पडतो तो किती लावलं त्याने. मोठ्या माणसाच्या अंगाचा हिशोब केला तर एका वेळेला तीसेक मिली लागतं, शिवाय दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर परत. म्हणजे शंभर मिलीची ट्यूब ही स्विमसूटमधल्या एका माणसाला जेमतेम एक दिवस. आमच्या घरी अशी एक ट्यूब चार जणांना चार दिवस पुरली होती आणि उरलेली घरी परत आली, फ्रीजच्या दारात ठेवलेली, एक्सपायर होईपर्यंत. वाटाण्याएवढं घेऊन दोन्ही गालांना लावायचं ही सवय क्रीमची आहे, सनस्क्रीनची नाही.

एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं, म्हणजे भाजणाऱ्या किरणांचं माप. काळवंडायला आणि सुरकुत्यांना जबाबदार यूव्हीए, त्यासाठी जपानमध्ये १९९६ पासून पीए आणि पुढे अधिकची चिन्हं अशी पद्धत आली, आपल्या डब्यांवर पीए+++ दिसतं ते तिकडचं. आणि वॉटरप्रूफ हा शब्द अमेरिकेत २०११ च्या नियमाने लेबलवरून काढायला लावला, पाण्यात चाळीस नाहीतर ऐंशी मिनिटं टिकतं एवढंच लिहायचं.

रापायची हौस सगळ्यात आधी उतरली ती ऑस्ट्रेलियाची, कारण त्वचेचा कॅन्सर तिकडे प्रचंड. १९८१ मध्ये व्हिक्टोरियातल्या कॅन्सर संस्थेने सिड नावाच्या सीगल पक्ष्याच्या कार्टूनला टीव्हीवर नाचवत शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला असं सांगायला सुरुवात केली. क्रम नीट बघा, शर्ट पहिला. आपल्याला त्या काळाचं दिसलं ते फक्त क्रिकेटमधून, परदेशी बोलरच्या नाकावर ओठांवर फासलेला पांढरा झिंक. अॅलन डोनाल्ड रनअप घ्यायचा तेव्हा आम्हा पोरांना वाटायचं की समोरच्याला घाबरवायला रंग लावलाय.

आपल्याकडे मात्र ही वस्तू वेगळ्याच दारातून आत आली. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली, तिच्यात ऊन अडवणारे घटक होतेच, पण विकलं काय तर गोरेपण. २०२० मध्ये नाव बदललं, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे फ्रान्समध्ये जी बाटली तपकिरी व्हायला घेतली ती आपण तपकिरी होऊ नये म्हणून घेतली, आणि कातडी भाजते, खराब होते, हे मूळ कारण दोन्हीकडे मागे पडलं. गोव्यात हे एकाच दुकानात बघायला मिळतं. १९६१ ला गोवा मुक्त झाला, मग हिप्पी आले हणजुण-कळंगुटला, आणि १९८० च्या दशकात चार्टर विमानं सुरू झाली, तेव्हापासून किनाऱ्यावरच्या दुकानात परदेशी पाहुण्यांसाठी टॅनिंग ऑइल आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी टॅन काढायचं क्रीम शेजारी शेजारी.

अजून एक गोष्ट मला फार लागली. त्वचेचे सहा प्रकार सांगतात ना, डॉक्टर टॉमस फिट्झपॅट्रिकच्या नावाचे, १९७५ मध्ये त्याने ते मांडले तेव्हा चारच होते, गोऱ्या लोकांचेच. आपल्यासारखे सावळे आणि काळे प्रकार नंतर जोडले. मग झिंक आणि टायटॅनियमची क्रीमं लावून आपण पिठाच्या डब्यात पडल्यासारखे का दिसतो याचं आश्चर्य वाटायला नको. आणि आपला खरा त्रास बहुतेक वेळा भाजण्यापेक्षा वांग आणि डाग हा असतो, ते डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात, त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त कामाचं, आणि ते चेहऱ्यावर पांढरंही दिसत नाही. बहिणीच्या दोन वेगळ्या ट्यूबांचा हट्ट इथे बरोबर निघाला, हे तिला सांगितलेलं नाही.

बॅगेतल्या बाटलीच्या मापालाही तारीख आहे. १० ऑगस्ट २००६ ला लंडनमध्ये विमानात पातळ स्फोटकं न्यायचा कट पकडला गेला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालेना. बाटली अर्धी रिकामी असली तरी बहुतेक विमानतळांवर चालत नाही, माप बाटलीचं बघतात. बालीला जाताना माझी दोनशे मिलीची, तळाशी बोटभर राहिलेली, एका विमानतळावर कचऱ्यात गेली आणि मी त्या माणसाशी उगाचच वाद घातला. मोठी बाटली चेक-इनला टाकायची, एवढं सोपं होतं.

आत काय आहे हेही आता काही ठिकाणी विचारतात. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली, प्रवाळांना त्रास होतो म्हणून. पलाऊची यादी अजून मोठी आहे. प्रवाळ मालवणलाही आहेत, लोक तेच बघायला तर स्नॉर्कलिंग करतात, त्यामुळे घेताना डब्याची मागची बाजू वाचली मी यावेळी.

तर तारकर्लीला काय झालं. फुल बाह्यांचा टीशर्ट घातल्यामुळे क्रीम लागलं ते फक्त तोंड, मान, हात आणि पावलांना, ट्यूब पुरली. गाडीत पुण्याचा सनकोट पडलेला, स्कूटरवर घालायचा पांढरा, तो मी होडीत घातला, बहीण हसली, अर्ध्या तासाने तिनेच मागून घेतला. साडेअकराला होडीवाला म्हणाला ताई आता सुरूत बसा, चार वाजता परत सोडतो. आणि तिसऱ्या दिवशी टाचा फुटल्या, मुठेल खरवडून लावलं, चादरीला डाग पडला.