युरोलीग २०१९-२०: विजेत्याविना संपलेला हंगाम

युरोपातील क्लब बास्केटबॉलची ही सर्वोच्च स्पर्धा १९५८ पासूनची. २००० मध्ये मोठ्या क्लबांनी आंतरराष्ट्रीय महासंघाशी फारकत घेऊन तिची सूत्रे स्वतःकडे घेतली. २०१६ पासून गट गेले आणि प्रत्येक संघ प्रत्येकाशी घरी व बाहेर खेळू लागला. २०१९-२० मध्ये संघ १६ वरून १८ झाले, फेऱ्या ३० वरून ३४. दहा देशांत सतत विमानाने फिरणारी ही स्पर्धा कोरोनाच्या साथीत टिकणे अवघडच होते. १२ मार्च २०२० रोजी ती थांबली, तेव्हा २८ फेऱ्या झाल्या होत्या.

इस्तंबूलचा अनादोलू एफेस तेव्हा २४ विजय आणि ४ पराभवांसह अव्वल होता. दोनच वर्षांपूर्वी हाच संघ तळाला होता, त्यामुळे ही झेप अधिकच मोठी वाटत होती. जुलैमध्ये एकाच ठिकाणी उरलेले सामने उरकण्याचा विचार झाला. पण इतक्या खंडानंतर खेळाडूंना दुखापतींची धास्ती होती आणि सीमाही बंद होत्या. २५ मे रोजी क्लबांनी हंगाम रद्द केला आणि विजेता कोणालाच ठरवले नाही. लिथुआनियाने मात्र आपल्या लीगमध्ये आघाडीवरच्या संघाला विजेता मानले होते. मग एफेसवर अन्याय झाला का?

हळहळ रास्त आहे, पण निर्णय योग्यच होता. या स्पर्धेत साखळीतील पहिला क्रमांक म्हणजे विजेतेपद नव्हे. ते अंतिम चौघांच्या लढतीत ठरते. २०१८ मध्ये मॉस्कोचा संघ अव्वल राहून उपांत्य फेरीत हरला. २०१९ मध्ये फेनरबाचेने ३० पैकी २५ सामने जिंकले, आणि उपांत्य फेरीत त्यांना ९२-७३ असे बाहेर काढले ते एफेसनेच. सहा फेऱ्या आणि बाद फेरी बाकी असताना चषक देणे म्हणजे स्पर्धेचा नियमच मोडणे झाले असते.

त्याच १८ संघांना पुढच्या हंगामात प्रवेश मिळाला, हा निर्णयाचा सर्वांत न्याय्य भाग. २०२१ मध्ये एफेस साखळीत तिसरा आला आणि कोलोनमध्ये साखळीतील अव्वल बार्सिलोनाला ८६-८१ असे हरवून त्याने पहिल्यांदा चषक जिंकला. पुढच्या वर्षी बेलग्रेडमधील अंतिम सामन्यात त्याने रेआल माद्रिदला एका गुणाने नमवून चषक राखला.