निर्वासित स्त्रियांचा अनैतिक व्यापार (ठाणे जिल्हा)

परागंदा होऊन आलेल्या स्त्रियांना फसवून, धाक दाखवून वा कर्जात अडकवून देहविक्रयाला लावण्याचा व्यवहार. मुंबईतील कुंटणखान्यांवर बरेच लेखन आहे. भिवंडीची हनुमान टेकडी वा नवी मुंबईतील तुर्भे यांचा उल्लेख बहुधा छाप्याच्या बातमीपुरताच येतो.

‘निर्वासित’ हा शब्द या जिल्ह्यात सरळ नाही. जुन्या ठाणेकराच्या लेखी निर्वासित म्हणजे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेले सिंधी. १९४९ मध्ये छावणीचे उल्हासनगर झाले, तरी पत्ता अजून ‘कॅम्प नंबर ४’ असाच सांगतात. फाळणीत अपहृत झालेल्या व्यक्तींना शोधून परत पाठवण्याचा १९४९ चा कायदा भारतात सापडलेल्या मुस्लिम स्त्रिया व मुलांपुरता होता, तोही पूर्व पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, पेप्सू (पतियाळा व पूर्व पंजाब संस्थानांचा संघ) व राजस्थान एवढ्याच भागात. मुंबई प्रांत त्याबाहेर राहिला. फाळणी व स्त्रिया या विषयावरील लेखनात पंजाब ठळक दिसतो आणि कल्याण दिसत नाही, त्याचे एक कारण हे असावे.

भारत संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासितविषयक करारात सामील नाही. छळामुळे देश सोडलेलीच निर्वासित, असे एक मत; उपासमार, पूर वा घरच्या जाचातून सीमा ओलांडलेलीही त्यात धरावी, असे दुसरे. प्रस्तुत विषयापुरते दुसरे अधिक उपयोगी. दलालाला कारणाशी कर्तव्य नसते; तिच्याजवळ कागद नाही, एवढे त्याला पुरते.

कारवाई मुख्यतः १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली होते. १९८६ च्या दुरुस्तीनंतरचे त्याचे पोलिसी नाव ‘पिटा’ (प्रिव्हेन्शन ऑफ इम्मॉरल ट्रॅफिक ॲक्ट). बनावट गिऱ्हाईक पाठवायचे, त्याच्याकडील नोटांचे क्रमांक आधीच पंचनाम्यात उतरवायचे, इशारा मिळताच आत शिरायचे, ही रूढ पद्धत. कलम १५ नुसार झडतीला त्याच परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित पंच लागतात, पैकी एक स्त्री. स्त्री-पंच मात्र परिसराबाहेरची चालते. अशा वस्तीत पंच म्हणून कोणी बाई सहजी पुढे येणार नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले असावे.

सुटका झालेली स्त्री परदेशी निघाली की अडचण वाढते. ‘पिटा’च्या गुन्ह्यात ती पीडित, विनापरवाना प्रवेशाच्या गुन्ह्यात तीच आरोपी. ती व्यापाराला बळी पडल्याचे तपासात दिसल्यास तिच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०१२ मध्ये राज्यांना कळवले. मायदेशी पाठवण्यापूर्वी तिने सांगितलेल्या गावाची व नातलगांची खातरजमा सीमेपलीकडे व्हावी लागते. तोवर मुक्काम संरक्षणगृहात.